एंडोस्कोपीतून अवघड गाठी काढण्याची साधने

अन्ननलिका, जठर आणि आतडी यांच्या अस्तरावर वाढलेल्या, परंतु साध्या तारेच्या फासाने सहज न निघणाऱ्या गाठी पोट न उघडता काढण्यासाठी एंडोस्कोपमधून (टोकाला कॅमेरा असलेल्या लवचिक नळीतून) किंवा त्याच्या टोकाला बसवून वापरली जाणारी ही उपकरणे होत. गाठ केवळ मोठी असल्याने अवघड ठरत नाही. ती सपाट असणे, आतड्याच्या घडीमागे दडलेली असणे किंवा पूर्वी अर्धवट काढल्यामुळे व्रण धरून खालच्या थराला चिकटलेली असणे, ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत.

नेहमीच्या पद्धतीत गाठीखाली रंग मिसळलेले सलाइन टोचून ती उचलतात व फासाने कापतात. सुमारे २० मिमीपेक्षा मोठी गाठ बहुधा तुकड्यांनी काढावी लागते; मग तिच्या कडा रोगमुक्त आहेत की नाहीत हे पॅथॉलॉजिस्टला नीट सांगता येत नाही. ही उणीव गाठ अखंड सोलून काढणाऱ्या विद्युत सुऱ्यांनी भरून काढली. १९९० च्या दशकात जपानमध्ये पुढे आलेल्या एका सुरीच्या टोकाला सिरॅमिकचा विद्युतरोधक मणी असतो, त्यामुळे श्लेष्मल त्वचेखालचा (अस्तराखालचा) थर सोलताना टोक स्नायुथरात घुसण्याचा धोका कमी होतो. मोठ्या आतड्याची ताणलेली भिंत जेमतेम २-३ मिमी जाडीची असल्याने हे काम तासन्‌तास चालू शकते आणि हात बसायला वर्षे लागतात.

सलाइन टोचूनही न उचलल्या जाणाऱ्या लहान गाठींसाठी आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीचा छेद घेणारे साधन वापरतात. एंडोस्कोपच्या टोकावरील टोपीत गाठ ओढून घेतात, तिच्या बुडाशी धातूची क्लिप बसवतात आणि नंतरच फासाने वरचा भाग कापतात. छिद्र पडण्याआधीच ते बुजवण्याचा हा उलटा क्रम या साधनाचे खरे वैशिष्ट्य होय. मात्र टोपी रुंद असल्याने अरुंद, वळणदार आतड्यातून ती नेणे कठीण जाते.

या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव काही दिवसांनी, क्वचित दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो. म्हणून मुरबाड, शहापूर किंवा उरणहून ठाणे, वाशी अथवा बेलापूरला आलेल्या रुग्णाने, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, परतण्यापूर्वी रात्री-अपरात्री गाठता येईल असे जवळचे रुग्णालय ठरवून ठेवणे इष्ट असते. मोठ्या आतड्यातील काढलेल्या गाठीत कर्करोग १ मिमीहून खोल गेल्याचे आढळल्यास, कडा मोकळ्या असूनही, लसिकाग्रंथींसह आतड्याचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. त्याविषयी सल्ला घेण्यासाठी टाटा स्मारक केंद्राचा खारघर येथील परिसर नवी मुंबईतच आहे.