उडत्या गरुडाचा फोटो: काचेच्या तबकडीपासून रॉ फाइलपर्यंत

मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली 1883 मध्ये. त्या काळी आकाशातला गरुड नेमका कोणता, हे खात्रीने सांगायचं तर त्याला गोळी घालून पाडत आणि कातडं संग्रहात ठेवत. त्याच्या वर्षभर आधी फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता. चाप ओढला की काचेची तबकडी फिरे आणि सेकंदात 12 चित्रं उमटत, प्रत्येक 1/720 सेकंदाचं. प्रकाश चटकन टिपणाऱ्या जिलेटिनच्या कोरड्या प्लेट आल्या म्हणूनच हे जमलं. मारे यांना पंखांची हालचाल अभ्यासायची होती, त्यामुळे काळ्या आकृत्याही त्यांना पुरत. पिसं दिसायला पुढे कित्येक दशकं गेली.

अडचण प्रकाशाची होती. कोडाक्रोम 64 ही स्लाइड फिल्म घ्या. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ 5.6 इतकं उघडलं तरी शटर मिळे जेमतेम 1/500 सेकंद. तरंगणारा गरुड त्यात टिपता येई, पण झेप घेताना पंखांची टोकं पुसट होत. फोकस हाताने फिरवायचा, रोल 36 फोटोंचा, आणि एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) चुकलं तरी स्लाइड वाया. नंतर सुधारायला वाव जवळजवळ नव्हताच.

1985 च्या मिनोल्टा 7000 ने ऑटोफोकस सर्वांच्या हाती दिला, 1999 च्या निकॉन डी1 ने व्यावसायिकांना डिजिटलकडे वळवलं. 2020 नंतर पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरणारे कॅमेरे आले. आज आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 800-1600 ठेवून 1/2500 किंवा 1/3200 सेकंदाचं शटर सहज मिळतं.

तरीही ठाण्याच्या खाडीवरचं हिवाळ्यातलं धुरकट, पांढरं आकाश कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतंच. मोठा ठिपकेदार गरुड गडद तपकिरी. मीटरवर सोडलं तर काळा डाग उरतो, म्हणून +1 ते +1.7 स्टॉप द्यावे लागतात. समुद्री गरुडाचं उलट. तो तिवरांच्या गर्द पार्श्वभूमीवर आला की पांढरं पोट जळतं, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं उरतं; तिथे -1 हवं. जळलेल्या पांढऱ्यातली पिसं रॉमध्येही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येही) परत मिळत नाहीत. सावली मात्र दोनेक स्टॉप उचलता येते, त्यापुढे दाणे दिसू लागतात.

संस्करणात आधी रॉवरच दाणे काढावेत, मग क्रॉप, मग उजेड-सावली, आणि शार्पनिंग अगदी शेवटी. उलट क्रमाने गेलं तर शार्पनिंग दाण्यांनाच धार लावतं. इथे एका बाबतीत आम्ही फार आग्रही आहोत: एआयचं डीनॉइज, म्हणजे दाणे काढणारं साधन, पूर्ण जोरावर लावू नये. दूरच्या, छोट्या पक्ष्यावर ते पिसांची नक्षी स्वतःच रचतं. मोठा ठिपकेदार आणि भारतीय ठिपकेदार गरुड वेगळे करताना उड्डाणपिसांवरचे पट्टे पाहतात. तेच बनावट असतील तर नोंद चुकते, आणि फोटोने कातड्याची जागा घेतली ती नोंदीसाठीच. म्हणून मूळ रॉ फाइल कधीही पुसू नये.

ऊन चढल्यावर चिखलावरची हवा लहरू लागते. मग डोळ्यावर अचूक फोकस असूनही गरुड लोण्यासारखा मऊ येतो. 600 मिमी लेन्सने हे उलट अधिक ठळक दिसतं, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने ते निस्तरत नाही. सकाळी लवकर, भरतीची वेळ पाहून होडी काढायची आणि गरुड जवळ येईपर्यंत थांबायचं, एवढाच त्यावर इलाज आहे.