शब्दजाती, इंग्रजीतील

वाक्यातल्या कामावरून शब्दांचे जे वर्ग पाडतात त्यांना शब्दजाती, इंग्रजीत ‘पार्ट्स ऑफ स्पीच’, म्हणतात. शाळेत आठ शिकवतात: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी ही अव्यये. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना जुनी पुस्तके विशेषणांत बसवत. आधुनिक व्याकरणात ती ‘धिस’, ‘सम’, ‘एव्हरी’ यांच्यासह निर्धारकांत, म्हणजे नाम कोणते वा किती हे ठरवणाऱ्या शब्दांत, येतात.

आठ हा आकडा ग्रीकांचा. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावरील व्याकरणात उपपद आणि धातुसाधित (क्रियापदाच्या धातूपासून बनलेला शब्द) हे स्वतंत्र वर्ग होते. लॅटिनला उपपदच नाही. तिथल्या वैयाकरणांनी ते गाळले, केवलप्रयोगी घातले आणि आकडा शाबूत ठेवला. विल्यम बुलोकरने १५८६ साली इंग्रजीचे व्याकरण छापले तेही याच साच्यावर. लिंडली मरेने १७९५ मध्ये उपपद वेगळे धरून नऊ जाती केल्या.

कोकण किनाऱ्यावर हा साचा लवकर उतरला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राचोल येथे छापले गेले. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले. १९११ साली शास्त्रीय पद्धतीचे मोठे व्याकरण सिद्ध करणारे मोरो केशव दामले हे मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे बंधू.

इंग्रजी आणि मराठी जातींची नावे अशी जुळली, पण स्वभाव जुळत नाहीत. मराठी शब्द बहुधा आपली जात अंगावर घालून फिरतो. कोकणात खाडीवर ‘गरी’, म्हणजे गळ, घेऊन जातात आणि मासे ‘गरवतात’. ‘मासा’ हे नाम प्रत्यय लागताच ‘माशाला’ होते. इंग्रजीत ‘फिश’ म्हणजे मासा आणि ‘फिश’ म्हणजेच मासे पकडणे. वाक्यात बसेपर्यंत त्याची जात सांगता येत नाही. ‘राउंड’ तर पाच घरचा पाहुणा आहे. पत्त्यांचा एक ‘राउंड’ हे नाम, ‘राउंड’ टेबल हे विशेषण; होडी भूशिराला वळसा घालते तेव्हा ते क्रियापद, ‘टर्न राउंड’मध्ये क्रियाविशेषण आणि ‘राउंड द फोर्ट’मध्ये शब्दयोगी. म्हणून शब्दांपुढे जाती लिहून त्या पाठ करून घेण्याची पद्धत इंग्रजीसाठी अपुरीच पडते.

सर्वांत जास्त घोटाळा शब्दयोगी अव्ययांचा. मराठीत ते नामाला मागून चिकटते: होडीखाली, माडावर. इंग्रजीत ते आधी आणि सुटे येते: ‘अंडर द बोट’. पण जागा बदलली की काम भागले असे होत नाही. ‘त्याच्याशी लग्न केले’ या वाक्यातला ‘शी’ मनात ठेवूनच आपल्याकडची मुले ‘मॅरीड विथ हिम’ लिहितात, आणि ‘त्यावर चर्चा केली’चे ‘डिस्कस्ड अबाउट इट’ करतात. दोन्ही ठिकाणी इंग्रजी क्रियापदाला थेट कर्म लागते, मध्ये काही नको. ‘गो टू होम’ याच जातकुळीतले. तिथे ‘होम’ क्रियाविशेषण आहे, ‘घरी’सारखे, म्हणून ‘टू’ उपरे ठरते.

उभयान्वयी अव्ययांविषयी विशेष अडचण नाही. केवलप्रयोगी मात्र पाठ्यपुस्तकांत ‘ओह’, ‘अलास’ एवढ्यावर उरकतात. ‘अलास’ आता बोलण्यात फारसा कोणी वापरत नाही. हा वर्ग इंग्रजीतही इतर जातींतून भरती करतो: ‘वेल’ हे क्रियाविशेषण, ‘माय’ हे ‘माझे’ सांगणारे, तरी उद्गार म्हणून दोन्ही एकटेच येतात. मालवणी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘मरणे’चे धातुसाधित असलेले ‘मेल्या’ तो दिवसातून दहा वेळा तोंडातून काढतो आणि समोरचा जिवंत माणूस हसून ‘काय रे?’ म्हणतो.