वाय गुणसूत्रातील सूक्ष्मलोप

पुरुषाच्या वाय गुणसूत्राच्या लांब भुजेतील, शुक्राणुनिर्मितीला आवश्यक असलेला डीएनएचा तुकडा गळाल्यामुळे येणारी जननिक न्यूनता. सूक्ष्मदर्शकाखाली होणाऱ्या नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत ती बहुधा दिसत नाही, म्हणून ‘सूक्ष्म’ हे विशेषण. प्रत्यक्षात गळालेला भाग काही लाखांपासून काही दशलक्ष बेस-जोड्यांपर्यंत (बेस म्हणजे डीएनएच्या लिपीतील एक अक्षर) असतो. पुरुष वंध्यत्वाच्या ज्ञात जननिक कारणांत क्लाइनफेल्टर लक्षणसमूहाच्या (पुरुषात एक्स गुणसूत्र जादा असणे) खालोखाल या लोपाचा क्रम लागतो. अशा पुरुषाची शरीरयष्टी, दाढीमिशा आणि कामेच्छा सहसा सर्वसाधारण असतात. बिघाड वृषणातील शुक्राणुनिर्मितीपुरताच असतो. त्यामुळे वीर्य तपासणीचा अहवाल ‘निल’ येईपर्यंत कोणाला शंकाही येत नाही. आपल्याकडे तोवर बायकोच्या सोनोग्राफ्या, गर्भनलिकांच्या तपासण्या आणि उपासतापास होऊन गेलेले असतात. वीर्य तपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी असूनही ती सर्वांत शेवटी व्हावी, हे कोणत्याही शास्त्राला धरून नाही.

शोध : वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवर शुक्राणुनिर्मितीचे घटक असावेत, ही कल्पना इटलीतील लुचानो टिएपोलो आणि ऑर्सेत्ता झुफार्दी यांनी १९७६ मध्ये मांडली. या भुजेचा टोकाकडचा भाग गळालेले, पण वीर्यात शुक्राणू नसणे यापलीकडे पुरुष म्हणून सर्वसाधारण असलेले सहाजण त्यांना आढळले. त्यांपैकी पाच १,१७० अल्पप्रजननक्षम पुरुषांच्या पाहणीत सापडले. सहाव्याची गुणसूत्रे हाडांतील किरकोळ दोषामुळे तपासली गेली होती. या सहाजणांचे लोप सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतके मोठे होते, म्हणजे आजच्या अर्थाने ते सूक्ष्मलोप नव्हेत. तरीही विषयाचा आरंभ बहुतेक लेखक इथूनच धरतात, आणि ते योग्यच आहे. या कल्पित घटकाला पुढे ‘अशुक्राणुता घटक’ (एझेडएफ) हे नाव रूढ झाले.

नेमके जनुक कोणते, यावर पुढे बराच वाद झाला. १९९३ मध्ये एडिंबरो येथील गटाने आज आरबीएमवाय या नावाने ओळखले जाणारे जनुककुल पुढे केले. १९९५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड पेज यांच्या प्रयोगशाळेने अशुक्राणुता असलेल्या ८९ पुरुषांपैकी १२ जणांत एकाच भागातील लोप दाखवून तेथील डीएझेड हे जनुक सुचवले. दोन्ही दावे आपापल्या जागी टिकले, कारण घटक एक नव्हताच. हायडलबर्गचे पेटर फोग्ट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एझेडएफचे ए, बी आणि सी असे तीन विभाग मांडले आणि हीच विभागणी प्रचारात राहिली. पुढील काही वर्षांत बी आणि सी हे विभाग एकमेकांवर अंशतः चढलेले असल्याचे दिसून आले. विभागांच्या सीमा त्यामुळे पहिल्या आराखड्याइतक्या रेखीव राहिलेल्या नाहीत. डी नावाचा चौथा विभागही काहींनी सुचवला होता. तो आता कोणी स्वतंत्र मानत नाही.

ए विभागातील वाद अधिक बोधप्रद आहे. या भागातील यूएसपी९वाय या जनुकात केवळ चार बेसचा लोप असलेला एक वंध्य पुरुष १९९९ मध्ये नोंदवला गेला. त्याच्या अपत्यवान भावात तो लोप नव्हता. पुरावा भक्कम वाटला आणि काही काळ हेच जनुक मुख्य मानले गेले. पण २००९ मध्ये हे जनुक संपूर्ण गळालेले असूनही शुक्राणुनिर्मिती चालू असलेल्या पुरुषाची नोंद झाली. तेव्हापासून कल शेजारच्या डीडीएक्स३वाय या जनुकाकडे आहे. एकाच रुग्णावर उभा राहिलेला निष्कर्ष असा डळमळतो, आणि या क्षेत्रात तसे निष्कर्ष थोडे नाहीत.

लोप कसा होतो : वाय गुणसूत्राच्या या भागाला देवाणघेवाणीसाठी जोडीदार गुणसूत्र नाही. त्याच्यावर जवळजवळ एकसारख्या लांबलचक क्रमांच्या अनेक प्रती आहेत. अशा दोन प्रती शुक्राणू तयार होताना चुकून एकमेकींशी जुळल्या, की मधला सगळा भाग कापला जातो. ए विभागात प्राचीन विषाणूंचे दोन अवशेष जुळतात आणि सुमारे ७,९२,००० बेस-जोड्या जातात. सी विभागात बी२ आणि बी४ (ही प्रतींची नावे; बी विभागाशी संबंध नाही) या प्रती जुळून सुमारे ३५ लाख बेस-जोड्या, आणि त्यांच्याबरोबर डीएझेडच्या चारही प्रती नाहीशा होतात. गंमत अशी, की याच जुळ्या प्रती एकमेकींतील चुका दुरुस्त करून जनुके टिकवतात, असे २००३ मध्ये या गुणसूत्राचा क्रम प्रसिद्ध झाला तेव्हा मांडले गेले. त्या क्रमातही मोठ्या पोकळ्या होत्या. संपूर्ण क्रम २०२३ मध्ये हाती आला.

बहुतेक पूर्ण लोप नव्याने घडलेले असतात: बापाचे गुणसूत्र अखंड असते आणि ज्या एका शुक्राणूपासून हा मुलगा झाला, त्यात तुकडा गळालेला असतो. ‘घराण्याचा दोष’ म्हणून कोणाकडे बोट दाखवण्याला इथे आधार नाही.

निदान व अर्थ : रक्तातील डीएनएवर बहुगुणित पीसीआर (डीएनएच्या अनेक ठरावीक तुकड्यांच्या एकाच वेळी प्रती काढण्याची पद्धत) ही चाचणी करतात. प्रत्येक विभागासाठी दोन खुणा पाहतात: ए साठी एसवाय८४ व एसवाय८६, बी साठी एसवाय१२७ व एसवाय१३४, सी साठी एसवाय२५४ व एसवाय२५५. सोबत प्रत्येक वेळी अपत्यवान पुरुषाचा नमुना, स्त्रीचा नमुना आणि नुसत्या पाण्याची नळी चालवतात. स्त्रीच्या नमुन्यात वाय गुणसूत्राची पट्टी उमटली, तर संपूर्ण तुकडीचा निकाल रद्द समजावा.

अशुक्राणुतेच्या रुग्णांत हे लोप साधारण दहा टक्क्यांच्या आत-बाहेर, तर तीव्र अल्पशुक्राणुतेत त्याहून कमी आढळतात. त्यांतील सुमारे ८० टक्के सी विभागाचे असतात. भारतीय अहवालांतील आकडे बरेच खाली-वर होतात. रुग्ण कसे निवडले यावर ते अवलंबून असल्याने त्यांची थेट तुलना करू नये. हैदराबादची सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) आणि मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था येथे या विषयावर काम झाले आहे.

कोणता विभाग गळाला, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते; अशा दांपत्याला शस्त्रक्रियेच्या वेदना आणि खर्च यांतून वाचवणे, हे या चाचणीचे सर्वांत मोठे मोल आहे. सी विभागाच्या लोपात जवळपास निम्म्या रुग्णांत शुक्राणू सापडतात आणि इक्सी पद्धतीने (एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचून) अपत्य होऊ शकते. काहींत शुक्राणूंची संख्या वयानुसार घटत जाते असे मानतात. पुरावा मोजका असला, तरी शुक्राणू लवकर गोठवून ठेवण्याचा सल्ला रास्त वाटतो.

जीआर/जीआर हा सी विभागाचा अर्धवट लोप अद्याप वादग्रस्त आहे. भारतासह पाच देशांतील २०,८८४ पुरुषांच्या पाहणीत (२०१२) तो सुमारे २.४ टक्के पुरुषांत आढळला आणि शुक्राणुनिर्मिती बिघडण्याची जोखीम त्याने साधारण दुप्पट होते, असा निष्कर्ष निघाला. जपानमधील डी२बी या पितृवंशात मात्र तो सर्वांतच आहे आणि तो वंश नीट नांदतो आहे. त्यामुळे त्याला रोगाचे कारण म्हणण्यापेक्षा जोखमीचा घटक म्हणणे अधिक सुरक्षित.

वारसा : सी विभागाचा लोप असलेल्या पुरुषाला इक्सीने मुलगा झाला, तर तोच लोप त्याच्याकडे जाणार, मुलीकडे तो जात नाही. म्हणून मुलीचा भ्रूण निवडावा, असा पर्याय काही पाश्चात्त्य लेखनात आढळतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा, २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही मनाई करतो. तो पर्याय इथे जसाच्या तसा मांडता येत नाही, आणि मांडूही नये: मुलाच्या वाट्याला येणारी अडचण ही प्राणघातक व्याधी नाही. उपचार सुरू होण्यापूर्वी दांपत्याला हे सारे स्पष्ट सांगितले पाहिजे आणि मुलगा झाल्यास तो वयात आल्यावर त्यालाही.