आगमनकाळाचं गाणं आणि शरणपूर

डिसेंबर लागला की नाशिकच्या चर्चमधून क्वायरच्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या, सरावाचे आवाज येऊ लागतात. लोक या गाण्यांना सरसकट ‘कॅरोल’, म्हणजे नाताळगीतं, म्हणून मोकळे होतात. पण तेव्हा नाताळ आलेला नसतो. तो असतो आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. ३० नोव्हेंबर हा येशूचा शिष्य संत आंद्रिया याचा दिवस. त्याच्या जवळात जवळच्या रविवारी हा काळ लागतो. नाशिकमधल्या शरणपूरचं जुनं चर्चही या आंद्रियाच्याच नावाचं.

मुळात हा काळ उपासाचा, वाट पाहण्याचा. जर्मन संगीतकार बाखच्या लाइपझिगमध्ये पहिला रविवार झाला की थेट नाताळापर्यंत चर्चमधला वाद्यवृंद गप्प असे. त्याहून जुनी आहेत ती सात लॅटिन पदं. १७ ते २३ डिसेंबर, रोज संध्याकाळी एक. प्रत्येकाची सुरुवात हाकेने: हे ज्ञाना, हे दाविदाच्या किल्ली, शेवटी हे इम्मानुएल. नुसतं ‘ये, ये’. आपल्याकडे विराणी ऐकत वाढलेल्या कानाला यात परकं काही वाटू नये.

बायबलमधलं एक वाचन, मग एक गाणं हा कॅरोलच्या उपासनेचा आजचा साचा मात्र अलीकडचा. १८८० साली इंग्लंडमधल्या ट्रुरोला तो बसवला गेला (नाताळच्या आदल्या रात्री माणसं दारूच्या गुत्त्यात जाऊ नयेत म्हणून, असं सांगतात), १९१८ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने उचलला आणि १९२८ पासून रेडिओने जगभर नेला.

नाशकात चर्च मिशनरी सोसायटीचं काम १८३२ मध्ये सुरू झालं आणि १८५४ मध्ये शरणपूर वसलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे शिकली. आफ्रिकेत फिरलेला शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी.

मिशनऱ्यांबरोबर इंग्रजी चालीही आल्या आणि तिथेच घोळ झाला. चाल तशीच ठेवून मराठी शब्द कोंबले, की ऱ्हस्व अक्षर लांबतं, आघात भलत्याच जागी पडतो आणि ‘प्रभु’चा ‘प्रभूऽऽ’ होतो. यावर खरा उपाय केला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग आणि पदं लिहिली, भजनाच्या अंगाने गाता येतील अशी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. ‘उपासना संगीत’ हे मराठी चर्चचं गीतपुस्तक उघडलं की टिळकांची पदं शेकड्याने सापडतात.

अडचण एकच: अभंग एका सुरावलीत चालतो आणि क्वायरला हवे असतात चार आवाज. मग आल्टोवाल्या (बायकांचा खालचा आवाज) बिचाऱ्या अभंगाला तिसरा सूर शोधत बसतात. पेटीवाले मान हलवतात, कीबोर्डवाला पट्टी बदलतो. वेदीजवळच्या पुष्पचक्रात जांभळ्या तीन मेणबत्त्या आणि गुलाबी एक. गुलाबी पेटते तिसऱ्या रविवारी. नाताळची गाणी मात्र नाताळापर्यंत राखून ठेवायची, असा नियम. पण दुसऱ्याच रविवारी मागच्या बाकावरून ‘सायलेंट नाइट’ या १८१८ च्या ऑस्ट्रियन अंगाईची फर्माईश येते आणि क्वायरमास्तर हसून पान उलटतात.