‘आकस्मिक’ या शब्दाबाहेर राहिलेला उपचार

सांगली-साताऱ्यात सरकारी नोकरदार ‘आमचा विमा आहे’ म्हणतो, तेव्हा तो नेमका कोणता हे आधी विचारून घ्यावं लागतं. पगारपत्रकात कापला जाणारा गटविमा १९८२ च्या योजनेचा आहे. निवृत्ती किंवा मृत्यूच्या वेळी तो हाती येतो, दवाखान्याशी त्याचा काही संबंध नाही. मेडिक्लेम ज्याचा त्याने स्वतःच्या पैशाने काढलेला. आणि ज्याला सगळे ‘मेडिकल बिल’ म्हणतात तो विमा नव्हेच, ती वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती. पैसे आधी आपण भरायचे, मग कागद जोडून मागायचे. मूल होत नाही म्हणून शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडतात, त्या आयव्हीएफ उपचाराचा खर्च मिळतो का, हा प्रश्न येऊन अडकतो तो या प्रतिपूर्तीपाशी.

राज्य कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय देखभालीचे नियम १९६१ चे. शरीराबाहेर गर्भ तयार करून जन्मलेलं जगातलं पहिलं बाळ १९७८ सालचं, मुंबईतल्या महापालिकेच्या रुग्णालयातलं १९८६ चं. त्यामुळे मूळ नियमांत हा उपचार नाही, याबद्दल कुणाला दोष देता येत नाही.

२००५ सालाबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. त्या वर्षी १९ मार्चच्या शासन निर्णयाने खासगी रुग्णालयातल्या कोणत्या उपचारांचं बिल मिळेल याची यादी ठरली : २७ आकस्मिक आजार आणि ५ गंभीर आजार. गंभीर आजारांत हृदयाची शस्त्रक्रिया, बायपास, अँजिओप्लास्टी, मूत्रपिंड प्रतिरोपण आणि रक्ताचा कर्करोग आले. आकस्मिक आजारांत हृदयविकाराच्या झटक्यापासून विषबाधेपर्यंत बरंच काही आलं. यादीमुळे कामाला शिस्त आली, मनमानी बिलांना आळा बसला, असं लेखा शाखेतले लोक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण ते ५ गंभीर आजार सोडले, तर सगळा भार ‘आकस्मिक’ या एका शब्दावर पडला. अचानक उद्भवलं तर बिल, ठरवून केलं तर नाही.

आयव्हीएफ सगळं ठरवूनच होतं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज इंजेक्शन, दिवसाआड सोनोग्राफी, मग भूल देऊन स्त्रीबीज काढणं, तीन ते पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडणं. बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाते. ना तातडी, ना मुक्काम. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पडताळणीला पाठवावं असं या उपचारात काही सापडत नाही.

आणि त्याच यादीत ‘गर्भपात’ आहे. ‘स्त्रीरोगशास्त्र व प्रसूतिशास्त्र संबंधित आकस्मिक आजार’ हेही आहे. म्हणजे आयव्हीएफने राहिलेला गर्भ पडला, तर त्या दवाखान्याचं बिल टाकता येतं. तो गर्भ राहावा म्हणून केलेल्या खर्चाचं टाकता येत नाही. यादी करणाऱ्यांच्या मनात असं काही नसेलही, पण अर्थ हाच निघतो, आणि ज्या बाईवर ही वेळ येते तिला तो कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

यादी आली त्याच महिन्यात, २८ मार्च २००५ ला, लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आले. नोकरीच्या अर्जासोबत अपत्यांची संख्या लिहून देणं सुरू झालं. मुलं किती झाली याचा हिशोब शासनाने मागितला, मूल होतच नाही त्या घराचा विचार या कागदांत कुठे दिसत नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शनही गेली आणि तिच्याबरोबर जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधीही. आज मूल होण्याच्या वयात असलेले तलाठी, ग्रामसेवक, झेडपीचे शिक्षक जवळपास सगळे या तारखेनंतरचे. वडिलांच्या पिढीने अडीनडीला जीपीएफमधून रक्कम काढली, ती वाट यांना नाही.

केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०११ मध्ये वेगळा आदेश निघाला. पूर्वपरवानगी घेऊन आयव्हीएफच्या जास्तीत जास्त ३ आवर्तनांचा खर्च, प्रत्येकी ६५,००० रुपये किंवा प्रत्यक्ष खर्च, यांतलं जे कमी ते. रक्कम अपुरी आहे, पण उपचाराला उपचार म्हटलं गेलं. राज्यावर हा आदेश बंधनकारक नाही. विट्यात किंवा वडूजला केंद्राचा आणि राज्याचा कर्मचारी शेजारी राहतात, दोघांच्या बायका एकाच डॉक्टरकडे जातात, कागद मात्र एकाचेच चालतात.

खासगी मेडिक्लेमकडे वळावं, तर २०१९ मध्ये विमा नियामकाने वगळण्याच्या बाबींची भाषा एकसारखी केली. त्यात वंध्यत्वाला स्वतंत्र क्रमांक मिळाला, १७. गरिबांसाठीच्या केंद्रीय आरोग्य योजनेतही हे उपचार वगळलेले आहेत. जानेवारी २०२२ मध्ये लागू झालेल्या सहाय्यक प्रजनन कायद्याने वंध्यत्वाची व्याख्या केली, केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, स्त्रीबीज देणाऱ्या महिलेचा विमा काढणंही बंधनकारक केलं. उपचार घेणाऱ्या जोडप्याच्या खर्चाबद्दल तो गप्प आहे. शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार मोफत सुरू केला.

जत, आटपाडी, माण, खटावकडची जोडपी मिरज, कोल्हापूर नाहीतर पुणे गाठतात. सोनोग्राफीच्या तारखा पाळीवर ठरतात, रजेच्या अर्जावर नाही, म्हणून किरकोळ रजा आधी संपतात आणि मग अर्जित रजा. पैसा बहुतेकदा पगारदारांच्या पतसंस्थेतून उचललेला असतो. कर्जाच्या अर्जात कारण विचारलेलं असतं, तिथे ‘घरदुरुस्ती’ लिहिलं जातं.