रस्ता विसरला की नोंदवलाच गेला नाही?

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता, केळकर रस्ता आणि लकडी पूल एकत्र येतात. फोनमधली बाई 'डावीकडे वळा' म्हणाली की गाडी बरोबर वळते, पण पुढच्या खेपेला त्याच चौकात पुन्हा फोन काढावा लागतो. यात विसरण्याचा भाग कमीच. मुळात रस्त्याची नोंदच झालेली नसते.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये २४ जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून पडद्यावर लंडनच्या सोहो भागातल्या गल्ल्यांतून फिरवलं. स्वतः वाट शोधताना नव्या गल्लीत शिरलं, की हिप्पोकॅम्पस (मेंदूतला वाटा आणि आठवणी सांभाळणारा भाग) आणि कपाळामागचा भाग जागा होई. पुढे फाटे जितके जास्त, तितकी हालचाल जास्त. आयत्या सूचना पाळताना ही वाढ दिसलीच नाही. पर्याय तोलणं हेच नोंद करण्याचं काम, आणि नेमकं तेच आपण फोनला देऊन टाकतो.

माहितीचंही तसंच. २०११ च्या एका प्रयोगात लोकांनी ४० वाक्यं संगणकावर टंकली. ती पुसली जाणार असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना ती जास्त आठवली. जपून ठेवली जाणार असं समजणाऱ्यांना कमी. मात्र त्याच शोधनिबंधातला दुसरा एक प्रयोग २०१८ च्या फेरतपासणीत टिकला नाही, त्यामुळे 'गूगलने स्मरणशक्ती खाल्ली' छापाचे मथळे जपूनच वाचावेत. उलट २०१५ मध्ये असंही दिसलं, की एक फाइल सेव्ह करून ठेवली तर लगेच नंतर वाचलेली दुसरी फाइल अधिक चांगली लक्षात राहते. डोक्यावरचा भार हलका होतो, एवढंच.

रस्ता शिकायचा असेल तर निघण्याआधी नकाशा पाहा आणि वळणाच्या तीन-चार खुणा मनात म्हणा: नळ स्टॉप, डेक्कन, लकडी पूल, अलका. नकाशा गाडीबरोबर फिरणारा नको, उत्तर दिशा कायम वर राहील असा लावा. नाहीतर कोथरूड शहराच्या कोणत्या बाजूला आहे, हे कधीच उमगत नाही. आवाज बंद. चुकलात तरच गाडी बाजूला घेऊन फोन बघा. परतताना नकाशा नको, पण पेठांतल्या एकेरी रस्त्यांमुळे उलटी वाट बहुधा वेगळी असते, ती आधी पाहून ठेवा.

घरच्यांचे दोन नंबर तरी पाठ हवेत, कारण बॅटरी संपल्यावर संपर्कयादी उघडत नाही. इथे बहुतेक जण नंबर पुन्हापुन्हा वाचतात आणि फसतात. वाचताना ओळखीचा वाटतो, म्हणून पाठ झाल्याचा भास होतो. २००६ च्या एका प्रयोगात, उतारा दोनदा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातला ४२ टक्के भाग आठवला. एकदा वाचून एकदा न बघता आठवणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून नंबर झाका, म्हणा, मग ताडून बघा. पाच मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने. डायलही बोटांनीच करा.

औषधाची वेळ आणि वीजबिलाची तारीख मात्र खुशाल फोनवर सोपवा. ठरल्या वेळी आठवण करून देण्यात गजर आपल्यापेक्षा भरवशाचा आहे.