चाखून उडालेला मावा

केळीच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळे पट्टे उमटले, पान अरुंद होऊन आखडलं, पोंगा कुजायला लागला, की जळगावकडे ‘हरण्या आला’ म्हणतात. कारण कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही. तो पसरवतो मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारा बारीक किडा, पण बागेत पान उलटून पाहावं तर मावा सापडतोच असं नाही. कापसावरचा, काकडीवरचा मावा केळीवर वस्ती करत नाही. तो येतो, चाखतो आणि उडून जातो. नुकसान त्या चाखण्यात होतं.

झाडावर उतरल्या उतरल्या मावा रस प्यायला बसत नाही. केसाहून बारीक सोंड तो पेशींच्या फटीतून आत सरकवतो, वरच्याच थरातल्या एखाद्या पेशीला टोचतो, किंचित लाळ सोडतो, किंचित पेशीरस ओढतो. एका पेशीतली ही टोचणी साधारण ५ ते १० सेकंदांची. पेशीत सीएमव्ही असेल तर त्याचे जेमतेम ३० नॅनोमीटरचे कण तेवढ्यात सोंडेच्या टोकाला चिकटतात. पुढच्या झाडावर पुन्हा चाखणी झाली की ते लाळेबरोबर तिथल्या पेशीत सुटतात. कण किड्याच्या रक्तात जात नाहीत, त्याच्या अंगात वाढतही नाहीत. दोन-चार चाखण्यांत, फार तर काही तासांत सोंड साफ होते.

म्हणूनच इथे कीटकनाशकाची फवारणी फारशी कामी येत नाही. औषधाने मावा मरेल, पण मरण्याआधी टोचून झालेलं असतं. पायरेथ्रॉइड गटातल्या काही औषधांनी तर तो बिथरतो आणि एका जागी थांबण्याऐवजी चार झाडं जास्त टोचतो.

विषाणूच्या बाजूने पाहिलं तर झाडावर ठाण मांडून बसलेला मावा त्याच्या उपयोगाचा नाही. मावा यायला हवा आणि लगेच निघायलाही हवा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये नेमकं हेच दाखवलं. सीएमव्ही झालेल्या स्क्वॉशच्या (भोपळ्याच्या जातीतल्या) वेलींचा वास निरोगी वेलींसारखाच होता, पण जास्त दरवळत होता, त्यामुळे मावा तिकडे ओढला जाई. रस मात्र त्याला मानवत नसे, म्हणून तो लवकर दुसरीकडे निघून जाई. पाटी हॉटेलची आणि आत शिळं जेवण, असा प्रकार.

झाड काही गप्प बसत नाही. विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याचे, ते २१-२२ अक्षरांचे तुकडे पाडतं आणि त्याच तुकड्यांच्या खुणेने उरलेला विषाणू हुडकून कापतं. सीएमव्हीचं ‘टू-बी’ नावाचं प्रथिन ही यंत्रणाच अडवून धरतं.

टोमॅटोवरचा पर्णगुच्छ हा विषाणूजन्य रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचं गणित उलटं आहे. हा विषाणू झाडाच्या अन्नरसवाहिन्यांत असतो. तिथपर्यंत सोंड पोचून तो मिळायला माशीला काही मिनिटं बसावं लागतं. मग तो आतड्यातून रक्तात, रक्तातून लाळग्रंथीत जातो आणि त्यात बरेच तास मोडतात. त्यानंतर मात्र माशी कित्येक दिवस रोग वाटत फिरते. इथे वेळ मिळतो, म्हणून माशी मारण्याला अर्थ आहे. रोपवाटिकेला ४० ते ५० मेशची (इंचात तितकी छिद्रं असलेली) जाळी लावली तर त्याहून उत्तम, कारण रोग जितक्या लहान वयात लागेल तितकं नुकसान मोठं.

हरण्याला मात्र माव्यामागे धावण्यापेक्षा विषाणूचं घर मोडलेलं बरं. सीएमव्ही १,२०० हून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर जगतो, त्यामुळे केळीत किंवा बांधालगत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची नको आणि तणही नको. उतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं विषाणू-तपासणी झालेलीच घ्यावीत. पहिले काही महिने ती फार नाजूक असतात, त्यात मृगबागेची, म्हणजे जून-जुलैतली लागवड नेमकी ढगाळ, दमट दिवसांत सापडते. त्या काळात दर चार-पाच दिवसांनी ओळीतून फिरून पट्टे दिसलेलं रोप मुळासकट उपटावं आणि बागेबाहेर नेऊन पुरावं. रोप सुधारेल म्हणून थांबू नये, ते सुधारत नाही. काकडीवर्गीय भाजीच्या शेताभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेरल्या तर वाऱ्याबरोबर आलेला मावा आधी तिथेच उतरतो, तिथेच चाखतो आणि सोंडेवरचे कण ज्वारीच्या पानात पुसून मग आत येतो.